दुपारचे सात

मामूंच्या हातात आम्ही त्या प्रवासी कंपनीची रंगीत घडीपत्रिका ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. झांझिबार, पाच रात्री, समुद्रकाठचे हॉटेल, सूर्यास्ताची बोटफेरी, डॉल्फिनदर्शन, जुन्या शहराची दोन तासांची सैर. पंचेचाळीस माणसांचा गट. वाचून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "जंगबारला जायचं आणि जंगबार दोनच तास?"

आमच्या नानांच्या तोंडी ते नाव 'जंगबार' असेच होते. मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या 'करांजा' बोटीवर ते खलाशी होते. पन्नासच्या दशकात घरी येताना ते कापडी पिशवीतून लवंगा आणत. मामूंना आठवते ते असे, की पिशवी उघडायच्या आधीच आख्ख्या माजघराला कळायचे, अब्बा जंगबारहून आले. मामू आता ७६ वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात, दर तासाला बसावे लागते. पंचेचाळीस माणसांच्या मागून झेंडा धरलेल्या पोराच्या वेगाने चालणे त्यांना जमणार नव्हते. मग आम्ही ती पत्रिका परत केली आणि घरातल्या घरात आठ जण जमवले. मामू-मामी, आपा आणि दुल्हाभाई, नाशिकची भाची आणि जावई, आणि आम्ही दोघे. जुन्या शहरातल्या बोळात साधे मुक्कामाचे घर घेतले, तिथलाच एक वाटाड्या दिवसाच्या बोलीने ठरवला आणि समुद्रकाठच्या हॉटेलाला फाटा दिला. खर्च माणशी थोडा जास्तच आला, हे लपवत नाही.

झांझिबार म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासचा बेटसमूह. त्यातले मोठे बेट उंगुजा, दुसरे पेंबा. १९६४ पासून ही बेटे टांझानियाचा भाग आहेत. जवळजवळ सगळी वस्ती मुसलमान, त्यामुळे हलालची चौकशी नाही, किब्ला विचारणे नाही, अजान कुठून ना कुठून कानावर येतेच. जुन्या शहराला 'स्टोन टाऊन' म्हणतात. प्रवाळी दगड आणि चुन्याची घरे, दोन माणसे शेजारून जेमतेम जातील असे बोळ. मोटार शिरतच नाही. मामूंसाठी ही मोठीच सोय ठरली, कारण जवळजवळ प्रत्येक घराच्या भिंतीला लागून दगडी ओटा आहे. 'बराझा' म्हणतात त्याला. संध्याकाळी माणसे तिथे कॉफी पीत, गप्पा मारीत बसलेली असतात. मामू दर वीस पावलांवर एका ओट्यावर बसत आणि बसले की कोणीतरी बोलायला येईच. पोरे येऊन "शिकामो" म्हणत. मामूंना वाटले, यांना आपल्याला मामू म्हणतात हे कसे ठाऊक? शिकामो हा तिथे वडीलधाऱ्यांना करायचा सलाम आहे, मूळ अर्थ 'पाय धरतो', आणि त्यावर मोठ्याने उत्तर द्यायचे, "मरहबा". दुसऱ्या दिवसापासून मामू मोठ्या रुबाबात मरहबा देऊ लागले.

पंचेचाळीस माणसे त्या बोळात शिरली की काय होते, तेही आम्ही पाहिले. एका सकाळी असाच एक गट समोरून आला. ओट्यावरच्या बाया उठून आत गेल्या, एका दुकानदाराने फळी ओढून घेतली, आणि गट पुढे गेल्यावर सगळे पुन्हा बाहेर आले. त्यात रागही दिसला नाही, पावसाची सर यावी आणि जावी तसे. उघडे खांदे नि आखूड कपडे घालून गावात फिरू नका, असे सांगणारे फलक जागोजागी आहेत. ते वाचायला गटाला सवड नव्हती.

या बेटाची भाषा स्वाहिली. व्याकरण आफ्रिकेचे, पण शब्दांच्या कोठारात अरबस्तान आणि हिंदुस्थान दोन्ही. दुकानाला दुका, पैशाला पेसा, हिशोबाला हेसाबू, सरकारला सेरिकाली, गाडीला गारी, लाखाला लाकी, साबणाला साबुनी, लोणच्याला अचारी. विम्याला चक्क बिमा. (१ ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्रौढ प्रवाशाला तिथल्या सरकारी कंपनीचा ४४ डॉलरचा 'बिमा' घ्यावाच लागतो. तुमच्याकडे दुसरा विमा असला तरी. जाणाऱ्यांनी हे हिशोबात धरावे.) खाण्याचेही तसेच. 'उरोजो' नावाचे एक पातळ, पिवळे, आंबट कालवण गाडीवर मिळते. त्यात भजी, बटाटा, उकडलेले अंडे, कुरकुरीत चुरा, चटणी. आमटी आणि भेळ एकाच वाडग्यात नांदत आहेत असे समजा. आणि तांदूळ, नारळाचे दूध, साखर, वेलची घालून, पीठ आंबवून केलेला 'मकाते वा कुमिमिना' मामींनी तोंडात टाकला मात्र, त्यांनी निकाल दिला, "हे तर आपलं सांदणच, फक्त वाफेऐवजी तव्यावर चढलं."

मुंबईचा धागा तर पावलोपावली सापडतो. सुलतान बर्गश बिन सईद हा गादीवर बसण्याआधी भावाविरुद्धच्या फसलेल्या बंडानंतर १८५९ मध्ये हद्दपार झाला, तो मुंबईलाच. दोनेक वर्षे तिथे राहून परतला आणि पुढे सुलतान झाल्यावर त्याने शहरात झऱ्याचे पाणी आणले, १८८३ मध्ये 'बैतुल अजायब' हा महाल बांधला. त्या महालाचा एक भाग २०२० च्या डिसेंबरात कोसळला. आम्ही पाहिला तो पत्र्याच्या कुंपणापलीकडून. १९२८ मध्ये सिती बिन्त साद ही गायिका आपल्या वादकांसह बोटीने मुंबईला आली आणि तिच्या स्वाहिली गाण्यांच्या तबकड्या तिथे निघाल्या. गरीब घरची, मडकी विकत हिंडणारी ही बाई. तोवर तिथल्या महालात 'तारब' हे गाणे अरबीत चालायचे, ते तिने बायकामाणसांच्या बोलीत आणले. १९३७ मध्ये तिथल्या लवंगेच्या व्यापारातून हिंदी व्यापाऱ्यांना हुसकले जाते म्हणून काँग्रेसने झांझिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला होता. त्या काळात आमच्या पणजीने पुलावात काय घातले असेल, याचा विचार मामी बराच वेळ करीत होत्या.

पण एका सकाळचे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वाटाड्याने आम्हाला चर्चकडे नेले. दुल्हाभाई बोळाच्या तोंडाशीच थांबले. "इथे एवढ्या जुन्या मशिदी आहेत. किझिमकाझीच्या मशिदीत हिजरी ५०० चा कूफी लेख आहे म्हणता, तिकडे न्या. चर्च काय बघायचं?" वाटाड्या तिशीतला, बोलायला मऊ. तो म्हणाला, "किझिमकाझीला उद्या जाऊच. पण इथे चर्च बघायला नाही आणलं. इथे बाजार होता."

गुलामांचा बाजार. मुख्य भूमीवरून साखळ्या घालून आणलेली माणसे इथे उभी करून विकत. काही अरबस्तानात, इराणात जात, पुष्कळशी याच बेटावर लवंगेच्या नि नारळाच्या बागांत राबत. सुलतान मुसलमान, काफिल्यांचे व्यापारी बव्हंशी मुसलमान, आणि त्या व्यापाराला भांडवल पुरवणारे सावकार आपले हिंदुस्थानी, त्यांत हिंदू भाटियाही होते आणि खोजेही. ५ जून १८७३ रोजी इंग्रजांनी नाकेबंदीची धमकी दिल्यावर बर्गशने बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. मुंबई पाहून आलेला, शहराला पाणी देणारा तोच बर्गश. बाजाराच्या जागी पुढे चर्च उभे राहिले. जिथे माणसांना खांबाला बांधून फटके मारीत, तिथे आता वेदी आहे आणि जमिनीत संगमरवरी वर्तुळ आहे. आवारात एका खड्ड्यात दगडी पुतळे आहेत, गळ्यात खरीखुरी साखळी घातलेले. १८७३ नंतर बाजार गेला तरी गुलामगिरी लगेच गेली नाही. ती कायद्याने मोडायला १८९७ उजाडले.

आपल्या घरात हा विषय निघाला की आपले बोट लगेच अटलांटिकपार जाणाऱ्या गोऱ्यांच्या जहाजांकडे वळते. ते खोटे नाही. पण ज्या कुरआनात गुलामाची मान मोकळी करणे हा कफ्फारा सांगितला आहे, तो पढणाऱ्यांच्या राज्यात हा बाजार भरत होता, हेही खोटे नाही. हजरत बिलाल यांचे नाव आपण ज्या प्रेमाने घेतो, ते घेऊन त्या खड्ड्याशी उभे राहणे सोपे नव्हते. दुल्हाभाई बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी वाटाड्याला हळूच विचारले, "तुमचे लोक यातले?" तो म्हणाला, "माझी एक पणजी विकलेली, आणि एक पणजोबा विकणाऱ्यांतला. या बेटावर पुष्कळांचं असंच आहे." एवढे सांगून तो पाण्याची बाटली आणायला गेला.

आत भिंतीशी त्याने लिव्हिंगस्टनची गोष्ट सांगितली. १८६६ मध्ये तो मुंबईहून जंगबारला आला तेव्हा त्याच्याबरोबर काही आफ्रिकी तरुण होते, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेले आणि नाशिकला शिकलेले. "नासिक बॉईज," तो म्हणाला. भाची दचकलीच. नाशिकच्या शरणपूर भागात अशा सोडवलेल्या मुलांना आसरा आणि शाळा होती. ती रोज शरणपूर रोडने कामाला जाते. त्या नावातले 'शरण' कोणाचे, हे तिला हजारो मैल दूर एका चर्चमध्ये कळले.

मोठ्या गटाच्या दोन तासांत ही जागा असतेच, पंधरा मिनिटांची. पण तिथे दुल्हाभाईंनी थांबून आक्षेप घेतला असता तर त्यांना बसमध्ये बसवून ठेवले असते. आणि वाटाड्याला पणजोबांबद्दल कोणी विचारले नसते.

आता त्या जेवणाकडे येतो. छोट्या गटाचे गुणगान आम्ही इतका वेळ केले, त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी.

तिसऱ्या दिवशी जुम्याच्या नमाजनंतर वाटाड्या रजेवर होता. मामू एका ओट्यावर बसलेले. ते घर एका म्हाताऱ्या बाईंचे. सगळे त्यांना 'बिबी' म्हणजे आजी म्हणत. विधवा, सकाळी तांदूळ-नारळाचे 'वितुंबुआ' करून विकतात, आपल्या आप्प्यांचेच हे आफ्रिकी भावंड. त्यांना जुन्या हिंदी सिनेमाची गाणी येत होती, अर्थ न कळता. मामींना आपली भाषा न कळणारी सोबतीण मिळाली आणि दोघी तासभर बोलल्या. कशाच्या आधारावर, अल्लाह जाणे. समोरच्या एका मोठ्या नक्षीदार, पितळी टोकांच्या बंद दाराकडे बोट करून मामूंनी विचारले, तिथे कोण राहायचे? "वाहिंदी," बिबी म्हणाल्या, म्हणजे हिंदी लोक. मग त्यांनी हाताने समुद्राकडे खूण केली. १९६४ च्या जानेवारीतल्या क्रांतीत तिथे अरब आणि हिंदी पुष्कळ मारले गेले, पुष्कळ निघून गेले. पाचगणीच्या शाळेत शिकलेला, पुढे इंग्लंडात फ्रेडी मर्क्युरी म्हणून गाजलेला पारशी मुलगा याच शहरातला. तेही कुटुंब तेव्हाच गेले. बिबींच्या आवाजात त्या घराबद्दल आकस नव्हता, हळहळही फारशी नव्हती. शेजारी होते, गेले.

निघताना त्यांनी आम्हा आठही जणांना उद्या जेवायला बोलावले. किती वाजता? "सा साबा." आपा तीस वर्षे शाळेत अरबी शिकवीत होत्या. त्या खुलल्या. "साबा म्हणजे सबअ, सात. अरबीच आहे." आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी आम्ही मसाल्याच्या बागेत गेलो, लवंगेची हिरवट-गुलाबी कळी झाडावर पाहिली (उमलू दिली तर वाया, ती कळीच खुडायची), परत येऊन मगरिब पढून, नवे कपडे घालून बरोबर सात वाजता बिबींच्या दारात हजर झालो.

घरात एकच दिवा होता. बिबी दारात आल्या आणि आमच्याकडे बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या. आत चटईवर एक मोठी सीनी होती, जाळीदार कापडाने झाकलेली. पुलाव, नारळातली मासळी, हिरव्या केळ्यांचे कालवण, सगळे थंडगार. शेजारच्या दोन पोरी कोपऱ्यात झोपलेल्या. त्या वाढायला म्हणून दुपारीच आल्या होत्या.

स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून चालते. विषुववृत्ताजवळ सूर्य बाराही महिने सहाच्या आगेमागे उगवतो, म्हणून आपले सकाळचे सात तो त्यांचा पहिला तास, 'सा मोजा'. सा साबा, सातवा तास, म्हणजे आपला दुपारचा एक. आपांचे अरबी बिनचूक होते. चुकले ते घड्याळ. आपल्याकडेही घटका-प्रहर सूर्योदयापासून मोजत, हे आम्हाला नंतर आठवले. तेव्हा मात्र काहीच सुचत नव्हते.

बाई सहा तास थांबल्या होत्या. आठ परक्या माणसांसाठी सकाळची विक्री बुडवून रांधले होते आणि त्यांची वाट पाहत शेजाऱ्यांसमोर बसल्या होत्या. आम्ही जेवलो. थंड पुलाव, एकाच सीनीभोवती. तो उत्तम होता आणि घशाखाली उतरत नव्हता. निघताना जावयाने, चांगल्या मनानेच, वीस डॉलरची नोट त्यांच्या हातात ठेवली. बिबींनी हात मागे घेतला. नोट चटईवर पडली आणि बराच वेळ कोणीच उचलली नाही.

रात्री मुक्कामी आमच्यात वाद झाला. जावई म्हणाला, गरीब बाई आहे, तिचा खर्च झाला, पैसे देण्यात अपमान कसला? मामू म्हणाले, जेवायला बोलावलेल्या घरी तू चिपळूणला नोट ठेवशील का? दोघांचेही खरे होते. पंचेचाळीस माणसांचा गट बिबींच्या दारात कधीच पोचला नसता, हेही खरे. आठ जण आहोत, आपला भार कोणाला होणार, असे आम्ही गृहीत धरले होते. आठ तोंडे म्हणजे आठ तोंडे. किती वाजता, हे नक्की कोणाला तरी विचारावे, इतकेही आम्हाला सुचले नव्हते, कारण आपल्याला सगळे समजते असे वाटत होते. सारखे शब्द, सारखा सलाम, सारखे सांदण. सारखेपणानेच फसवले.

सकाळी वाटाड्या आला. ऐकून आधी हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, पैसे नाहीत द्यायचे. शेजारी शेजाऱ्याला जे पाठवतो ते पाठवा. बाजारातून तांदूळ, साखर, तेल, नारळ घेतले आणि शेजारच्याच पोरींच्या हाती धाडले. पोरी परत आल्या त्या निरोप घेऊन. आज पुन्हा या. सा साबा. एका पोरीने आकाशाकडे, बरोबर डोक्यावर बोट धरून दाखवले, म्हणजे यावेळी घोटाळा नको.

बोटीने डॉल्फिन बघायला जायचे राहिले. त्या प्राण्यांमागे दहा दहा बोटी लागतात असे ऐकले होते, त्यामुळे फारसे वाईट वाटले नाही. किझिमकाझीची मशीदही एक दिवस पुढे गेली. दुल्हाभाई काही बोलले नाहीत.

आम्ही साडेबारालाच बोळात पोचलो. लवकर जाणेही बरे नव्हे म्हणून आठही जण समोरच्या बंद दाराच्या ओट्यावर बसून राहिलो, ज्या घरातले हिंदी लोक निघून गेले होते त्याच्या. मामूंनी खिशातून नानांची लहानशी पितळी डबी काढली. बागेतल्या ओल्या लवंगा त्यांनी तीत भरून घेतल्या होत्या, पण त्या अजून वाळायच्या होत्या. उघडून वास घेतला, पुन्हा मिटली. एक वाजला. घरात शिरण्याआधी तीनदा परवानगी मागावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिथे त्यासाठी एक शब्द आहे. मामू उठले, गुडघा चोळला, आणि उंबऱ्याबाहेरून त्यांनी हाक दिली, "होडी."

आतून भांड्याचा आवाज आला. मामूंनी दुसऱ्यांदा हाक दिली.

"करिबू," बिबी म्हणाल्या. या.